मुलं असलेल्या घरासाठी कार्बन मोनॉक्साइड अलार्म : कुठला घ्यावा, कुठे लावावा आणि त्याच्यावर किती विसंबावं

निवाडा आधीच सांगतो. लहान मूल असलेल्या घरात हवेतल्या वायूचा आकडा पडद्यावर दाखवणारा, इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा आणि आधी चढून गेलेली सर्वांत जास्त पातळी लक्षात ठेवणारा अलार्म घ्यावा. नुसता हिरवा-लाल दिवा असलेला अलार्म प्रमाणित असला तरी मुलांच्या दृष्टीनं अपुरा आहे. तो खराब असतो असं नाही. त्याची वाजण्याची वेळ मुलाच्या रक्ताचा विचार करून ठरवलेलीच नाही, ही खरी अडचण आहे.

कार्बन मोनॉक्साइड म्हणजे जळण अर्धवट झालं की तयार होणारा वायू. तो दिसत नाही, वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी तासातासाला रक्तात साचत जातो. अलार्मच्या मानकांनीही याच साचण्याचा हिशोब धरला आहे. हवेत ठरावीक पातळी आली की लगेच वाजायचं, असं ते यंत्र नसतंच. किती पातळी किती वेळ टिकली, यावर ते वाजतं.

युरोपात चालणाऱ्या ईएन ५०२९१ या मानकाप्रमाणे ५० पीपीएमला (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) अलार्म ६० ते ९० मिनिटांत वाजायला हवा, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. ३० पीपीएम असेल तर निदान दोन तास तरी त्यानं वाजता कामा नये, असंही तेच मानक सांगतं. अमेरिकेतलं यूएल २०३४ आणखी सैल आहे : ७० पीपीएमला एक ते चार तास, १५० ला १० ते ५० मिनिटं, ४०० ला ४ ते १५ मिनिटं. म्हणजे या मानकाचा अलार्म ७० पीपीएम हवेत साडेतीन तास गप्प राहिला, तरी तो चाचणीत पास.

हे आकडे ठरवताना डोळ्यांपुढे होता तो निरोगी प्रौढ माणूस. त्याच्या रक्तातलं वायूनं अडवलेलं हिमोग्लोबिन साधारण १० टक्क्यांवर जाण्याआधी इशारा मिळावा, हा त्यामागचा हेतू. नवजात बाळ मिनिटाला चाळीसेक श्वास घेतं, मोठा माणूस बारा ते वीस. वजनाच्या मानानं मूल कितीतरी जास्त हवा आत ओढतं आणि त्याच्या पेशी ऑक्सिजनही जास्त मागतात. एकाच खोलीत, एकाच हवेत झोपलेल्या आई आणि बाळामध्ये तीच पातळी बाळाच्या रक्तात लवकर गाठली जाते. पोटातल्या बाळाची गत आणखी वाईट. त्याचं हिमोग्लोबिन या वायूला जास्त घट्ट धरतं, त्यामुळे बाळाच्या रक्तातली पातळी आईपेक्षा वर चढते आणि उशिरा उतरते. अलार्मच्या माहितीपत्रकात, बहुधा शेवटच्या पानावर, गर्भवती, तान्ही बाळं आणि हृदयरोगी यांना अलार्म वाजण्याआधीच त्रास होऊ शकतो, अशा अर्थाचं एक वाक्य बारीक अक्षरात असतं. ते वाक्य खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायला हवं, असं आमचं मत आहे.

म्हणून दोन मानकांत निवड करता येत असेल तर ईएनवाला घ्या, कारण तो ५० वरच जागा होतो. कुठलाही घेतला तरी पडदा असलेलाच घ्या. मुलाला मळमळतंय, डोकं दुखतंय आणि पडद्यावर ४० दिसतंय, तर अलार्म वाजायची वाट पाहायची गरज उरत नाही.

सेन्सरचे प्रकार

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी एक डबी. आत आम्लाचा द्रव आणि प्लॅटिनमसारख्या धातूचे इलेक्ट्रोड. वायू आत शिरला की इलेक्ट्रोडवर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांचा बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. वायू दुप्पट तर प्रवाह दुप्पट. म्हणूनच हा सेन्सर आकडा दाखवू शकतो. वीज इतकी कमी लागते की आतली सीलबंद बॅटरी सात ते दहा वर्षं पुरते. कमजोरी एकच : आतला द्रव. कोरड्या उष्ण जागी तो हळूहळू सुकतो, सतत दमट जागी पाणी शोषून फुगतो. सेन्सरचं आयुष्य पाच ते दहा वर्षं असतं आणि ते संपलं की नवा अलार्म आणणं हाच उपाय. मागच्या बाजूला बदलण्याची तारीख छापलेली असते. दुकानात खोकं हातात घेतल्यावर पहिल्यांदा तीच बघा. दोन वर्षं गोदामात पडून राहिलेल्या अलार्मचं तेवढं आयुष्य तिथेच गेलेलं असू शकतं.

दुसरा प्रकार तापवलेल्या टिन ऑक्साइडचा. त्याला सतत तापलेलं ठेवावं लागतं, म्हणून तो घरातल्या विजेवर चालतो. वीज गेली की हाही बंद. आणि वीज गेल्यावरच जनरेटर सुरू होतो, थंडीत कोळशाची शेगडी खोलीत येते. गरज लागते त्याच रात्री झोपणारा पहारेकरी काय कामाचा? अल्कोहोलची वाफ, केसांवरचा फवारा, रंगातली द्रावणं यांनाही तो चटकन फसतो. बॅटरीचा आधार नसेल तर घेऊ नका.

जेलच्या गोळीचे अलार्म अजून कुठे कुठे मिळतात. वायू लागला की जेल काळवंडतं आणि प्रकाशकिरण अडतो, म्हणून अलार्म वाजतो. हवा शुद्ध झाल्यावरही ते जेल निवळायला बरेच तास घेतं, तोवर अलार्म वाजतच राहतो. मग माणसं बॅटरी काढून ठेवतात आणि परत घालायची राहून जाते. रंग बदलणाऱ्या ठिपक्याचं चिकटवायचं कार्ड तर मुलांच्या घरात अजिबात नको. त्याला आवाज नाही, आणि या वायूनं होणारे मृत्यू बरेचदा झोपेत होतात. अंधारात भिंतीवरचा ठिपका कोण बघणार?

मानकाचा नुसता क्रमांक छापलेला असणं आणि तपासणी करणाऱ्या त्रयस्थ संस्थेचं प्रमाणचिन्ह असणं, यात मोठा फरक आहे. क्रमांक कुणीही छापतो. ऑनलाइन बाजारात नाव-गाव नसलेले अलार्म भरपूर आहेत. परदेशांतल्या ग्राहक संस्थांच्या चाचण्यांत असे काही नमुने धोकादायक पातळीलाही गप्प राहिलेले आढळले आहेत. गप्प अलार्म हा अलार्म नसण्यापेक्षा वाईट, कारण तो भिंतीवर आहे म्हणून खिडकी बंद केली जाते.

चाचणीचं बटण दाबलं की अलार्म वाजतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. त्या बटणानं बहुतेक नमुन्यांत फक्त बॅटरी, सर्किट आणि भोंगा तपासला जातो. सेन्सर वायू ओळखतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते तपासायला ठरावीक पातळीच्या वायूचा चाचणी-डबा लागतो आणि तो अलार्मच्या कंपनीनं मान्य केलेलाच वापरावा. गाडीच्या धुराड्यापाशी किंवा उदबत्तीवर धरून पाहण्याचा खटाटोप करू नका. गाडीच्या धुरात मोजता न येणारा भडिमार होऊन सेन्सर खराब होऊ शकतो, आणि उदबत्तीनं काहीच सिद्ध होत नाही. बटण महिन्यातून एकदा दाबा आणि बदलण्याची तारीख पाळा, एवढं पुरे.

पडद्यावरचे आकडे

नेहमीचा आकडा शून्य. गॅसची शेगडी पेटवल्यावर काही मिनिटं पाच-दहा दिसून परत शून्यावर येणं हे हवा खेळती करण्याचं कारण आहे, पळण्याचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या घरातल्या हवेच्या मार्गदर्शनात आठ तासांची मर्यादा घनमीटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास ९ पीपीएम आहे. १५ मिनिटांसाठी १०० मिलिग्रॅम, म्हणजे ८७ च्या आसपास. २०२१ मध्ये चोवीस तासांची मर्यादा ४ मिलिग्रॅमवर आणली गेली, ती साधारण साडेतीन पीपीएम होते. त्यामुळे रोज रात्री १०-१५ दिसत असेल तर अलार्म कधीच वाजणार नाही, पण घरातलं किंवा शेजारचं काहीतरी नीट जळत नसण्याची दाट शक्यता आहे.

गोची अशी की अनेक अलार्म ३० पीपीएमच्या खाली पडद्यावर शून्यच दाखवतात. आकडा कितीपासून दिसतो, हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. १० पासून दाखवणारा मिळाला तर तो घ्या. १० पीपीएमच्या आसपास लगेच बोलणारे कमी पातळीचे वेगळे मॉनिटरही मिळतात. ते मुद्दामच या मानकांत बसत नाहीत, कारण मानक इतक्या लवकर वाजायला परवानगी देत नाही. घरात तान्हं बाळ, गर्भवती किंवा हृदयाचा आजार असलेलं मूल असेल तर असा मॉनिटर उपयोगी आहे. पण तो प्रमाणित अलार्मच्या जोडीला ठेवायचा, त्याच्या जागी नाही.

सर्वोच्च पातळीची नोंद हे सगळ्यांत कमी वापरलं जाणारं आणि आमच्या लेखी सगळ्यांत मोलाचं बटण. रात्री दोन वाजता १२० झालं, खिडकी उघडी होती म्हणून उतरलं, सकाळी शून्य. घरातले म्हणतात रात्री मूल उगाच रडत होतं. ते बटण दाबलं की १२० दिसतं. गॅस तंत्रज्ञ आणि डॉक्टर, दोघांनाही हा आकडा हवा असतो. ही नोंद पुसायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवा.

आकड्यांच्या अचूकतेवर हुज्जत घालू नका. घरगुती अलार्म प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे, दाखवलेल्या पन्नासाचा खरा आकडा चाळीस किंवा साठ असू शकतो. ४८ आहे, ५० नाही, म्हणून थांबू या, हा विचार चुकीचा.

खोटे इशारे का येतात

या सेन्सरना हायड्रोजनही थोडाफार कळतो. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी चार्ज होताना, विशेषतः जुनी किंवा जास्त चार्ज झालेली, हायड्रोजन सोडते. त्यामुळे बंद कपाटाजवळचा अलार्म वाजतो आणि घरातले त्याला खुळा ठरवतात. तो खुळा नाही. कोंडलेला हायड्रोजन स्फोटक असतो, तेव्हा बॅटरीची जागा मोकळ्या हवेत हलवणं तसंही गरजेचं आहे. ताजा रंग, वार्निश, सिलिकॉनची लुकण, केसांचा फवारा, तीव्र जंतुनाशकं यांचं काम चालू असेल तर अलार्म तेवढ्यापुरता दुसऱ्या खोलीत ठेवा आणि काम झाल्यावर परत लावा. सिलिकॉनच्या वाफांनी सेन्सर कायमचा आंधळाही होऊ शकतो.

मिनिटाला एकदा येणारी बारीक चिर्र ही वायूची सूचना नसते. बॅटरी संपत आली किंवा सेन्सरची मुदत संपली, असा तिचा अर्थ. वायूचा इशारा वेगळा : चार झटपट टोले, थोडी विश्रांती, पुन्हा चार. धुराच्या अलार्मचे टोले तीन-तीन. घरातल्या मोठ्या मुलांना हा तीन आणि चारचा फरक ऐकवून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

आवाजावर मात्र फार भरवसा ठेवू नका. हे अलार्म एक मीटरवर ८५ डेसिबल वाजतात, पण बंद दार त्यातला मोठा भाग खातं. धुराच्या अलार्मवर झालेल्या झोपेच्या प्रयोगांत शाळकरी वयाची अनेक मुलं सुमारे ३००० हर्ट्झचा तीक्ष्ण आवाज ऐकूनही झोपूनच राहिली. ५२० हर्ट्झचा जाड आवाज किंवा माणसाचा बोललेला आवाज त्यांना जास्त चांगला उठवतो. त्यात हा वायू स्वतःच गुंगी आणतो. तेव्हा अलार्मचं काम मुलाला उठवणं नाही, मुलाला उचलून बाहेर नेणाऱ्याला उठवणं आहे. तो त्या माणसाच्या उशापाशी ऐकू यायला हवा. एक वाजला की सगळे वाजतील असे बिनतारी जोडलेले दोन-तीन अलार्म मोठ्या घरात सर्वांत उपयोगी.

जागा

हा वायू हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि गरम हवेबरोबर खोलीभर पसरतो. जमिनीलगतच लावा किंवा छतालाच लावा, असा नियम त्याला नाही. झोपण्याच्या खोलीत झोपलेल्याच्या नाकाच्या उंचीला, आणि जिथे जळणारं उपकरण आहे त्या खोलीत उपकरणापासून एक ते तीन मीटर अंतरावर. भिंतीवर उंच लावायचा असेल तर दारा-खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच, पण छतापासून निदान १५ सेंटिमीटर खाली. छताला लावला तर भिंतीपासून ३० सेंटिमीटर आत. खिडकी, पंखा किंवा एसीच्या झोताशेजारी नको, तिथे त्याला बाहेरची हवाच मोजायला मिळते. पडद्यामागे, कपाटात किंवा छताच्या कोपऱ्यात, जिथे हवा हलत नाही, तिथेही नको. शेगडीच्या डोक्यावर नको. आणि न्हाणीघरात नको, वाफेनं सेन्सर लवकर मरतो.

न्हाणीघराचं हे शेवटचं वाक्य गॅस गीझर असलेल्यांना अडचणीचं वाटेल. त्यावर उपाय अलार्मचा नाही, गीझरच्या जागेचा आहे. धूर बाहेर सोडणारी नळी नसलेला गीझर बंद न्हाणीघरात असता कामा नये. चिमुकल्या खोलीत तो खोलीतलाच ऑक्सिजन खातो, ऑक्सिजन कमी पडला की जळण अर्धवट होतं आणि वायूची पातळी काही मिनिटांत चढते. अंघोळ करणाऱ्या मुलाला भोवळ येते आणि बाहेरून कडी वाजवणाऱ्याला वाटतं ते खेळतंय. गीझर बाहेर, अलार्म न्हाणीघराच्या दारालगतच्या खोलीत.

स्वयंपाकघरातला गॅसगळतीचा अलार्म आहे, मग हा कशाला, हा गैरसमज सर्वत्र आहे. तो न जळलेला गॅस ओळखतो. हा अर्धवट जळण्यातून होणारा वायू ओळखतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो म्हणून गळतीचा अलार्म जमिनीजवळ लावतात, तो कार्बन मोनॉक्साइडला बहिरा असतो. दोन्ही वेगळे घ्यावे लागतात.

दुसरा गैरसमज निखाऱ्यांचा. कोळसा धुमसायचा थांबला, लाल झाला, धूर संपला, आता शेगडी खोलीत घ्यायला हरकत नाही, असं मानलं जातं. धूर संपला म्हणजे वायू संपला असं नाही. लाल निखारा बंद खोलीत सकाळपर्यंत वायू सोडत राहतो. अशा खोलीला अलार्म लावून शेगडी ठेवू नका, शेगडीच ठेवू नका. जनरेटरही तसाच : दारा-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर, धुराडं घराच्या विरुद्ध दिशेला. अर्ध्या उघड्या शटरचं गॅरेज म्हणजे मोकळी हवा नव्हे. आणि वायू भिंतीपलीकडूनही येतो. जिप्समच्या तक्त्यांमधून तो आरपार झिरपतो, हे प्रयोगात दिसलं आहे. त्यामुळे स्वतःच्या घरात काहीच जळत नसलं तरी शेजारच्या घरातलं किंवा खालच्या दुकानातलं जळण आपल्या पाळण्यापर्यंत पोहोचू शकतं.

धुराचा अलार्म जोडून असलेले नमुने

एकाच डबीत दोन्ही, हे सोयीचं दिसतं. पण धूर वर जातो म्हणून त्याला छतच लागतं, आणि झोपेच्या उंचीचा पडदा हवा तर वायूचा अलार्म भिंतीवर हवा. जोडअलार्म पॅसेजच्या छताला ठीक, मुलाच्या खोलीत भिंतीवरचा स्वतंत्र अलार्म जास्त चांगला. जोडअलार्म घेताना धूर ओळखणारा भाग फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशकिरणानं धूर ओळखणारा) आहे ना, ते बघा. गादी, सोफा, वायर यांची आग आधी बराच वेळ धुमसते आणि तो धुमसणारा धूर फोटोइलेक्ट्रिक सेन्सर आयोनायझेशनवाल्यापेक्षा (विद्युतभारित हवेच्या मदतीनं धूर ओळखणाऱ्या दुसऱ्या प्रकारापेक्षा) लवकर पकडतो.

आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड एकटा नसतो. फोम, नायलॉन, लोकर, काही प्लास्टिकं जळताना हायड्रोजन सायनाइड निघतो. तो पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही, आणि कुठलाही घरगुती अलार्म त्याची पातळी दाखवत नाही. म्हणून धुरातून काढलेल्या मुलाचं मोजमाप अलार्मच्या पडद्यावरून करू नका. नाकपुड्यांत किंवा थुंकीत काजळी, भाजलेल्या भुवया, घोगरा झालेला आवाज, श्वास आत घेताना येणारा कर्कश आवाज, यांपैकी काहीही दिसलं तर मूल हसत-बोलत असलं तरी रुग्णालय. श्वासनलिकेची सूज काही तासांनी, कधी चोवीस तासांपर्यंत वाढत जाते. मुलाची नळी मुळातच अरुंद. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली की वाट एक चतुर्थांश उरते. आठ मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच सुजेनं निम्म्याहून जास्त उरते.

वाजला तर

सगळे बाहेर. खिडकी जाता जाता उघडता आली तर उघडा, पण सगळ्या खिडक्या उघडत, उपकरण शोधत फिरू नका. आधी मुलं उचला. बाहेर आल्यावर डोकी मोजा आणि मग अग्निशमन दलाला किंवा आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. परत आत जाऊ नका. दारं उघडल्यावर अलार्म गप्प होतो, याचा अर्थ उगम बंद झाला असा नाही.

न वाजताही संशय घ्यावा अशी चिन्हं आहेत आणि मुलांत ती फसवी असतात. बाळ किरकिरतं, दूध नाकारतं, ओकतं, सुस्त पडतं. मोठं मूल डोकं दुखतं म्हणतं, पोट बिघडल्यासारखं वागतं, चक्कर येऊन पडतं. बरेचदा पोटाचा किंवा साधा विषाणूचा आजार समजून औषध दिलं जातं. फरक इथे पाहा : ताप नाही, घरातल्या एकाहून जास्त जणांना एकाच वेळी त्रास आहे, पाळीव प्राणीही मलूल आहे, आणि घराबाहेर गेल्यावर बरं वाटतं. लालबुंद त्वचा हे पुस्तकांतलं प्रसिद्ध चिन्ह क्वचित दिसतं, आणि दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. तिची वाट पाहू नका.

रुग्णालयात पहिल्यांदा बोटाला चिमटा लावतात. नेहमीच्या पल्स ऑक्सिमीटरला वायूनं अडवलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन यांत भेद करता येत नाही. तो ९८ किंवा १०० दाखवेल आणि मूल गुदमरत असेल. त्यामुळे घरात चिमटा असेल तर तो या कामासाठी वापरू नका. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा : घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, पडद्यावर इतका आकडा होता, इतक्या वाजता बाहेर पडलो, बाकी कुणाला काय होतंय. रक्ताची को-ऑक्सिमेट्री (वायूनं अडवलेलं हिमोग्लोबिन वेगळं मोजणारी तपासणी) करा, म्हणा. त्यासाठी शिरेतलं रक्त चालतं, धमनीत सुई घालावी लागत नाही. तान्ह्या बाळाच्या आईबापांना एवढाही दिलासा कमी नाही.

बाहेर पडल्याची वेळ इतकी महत्त्वाची का? साध्या हवेत रक्तातली पातळी निम्मी व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कमधून शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर साधारण एक ते दीड तास, उच्चदाबाच्या कक्षात (दाब वाढवून ऑक्सिजन देतात त्या बंद खोलीत) वीस ते तीस मिनिटं. म्हणजे रुग्णवाहिकेत तासभर ऑक्सिजन घेऊन आलेल्या मुलाच्या रक्तात १२ टक्के निघाले, तर घरात ते वीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त असणार. आकडा कमी म्हणून त्रास किरकोळ, असं गणित मांडायचं नसतं. आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत ऑक्सिजन थांबवायचा नसतो. मास्क साठवण-पिशवी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा. मूल मास्क ओढून काढतं, तेव्हा त्याला मांडीवर घेऊन तो धरून ठेवणं हेच उपचाराचं काम. शुद्ध हरपली असेल, झटके आले असतील, रक्तातली पातळी पंचवीस टक्क्यांच्या वर असेल किंवा आई गर्भवती असेल, तर उच्चदाबाच्या ऑक्सिजनबद्दल विचारा. त्याच्या फायद्याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि तो सगळीकडे उपलब्धही नसतो, पण प्रश्न विचारलेला बरा. बंद जागेतल्या आगीतून आलेलं मूल गुंगीत असेल तर सायनाइडवरचा उतारा हायड्रॉक्सोकोबालामिन, मुलांत किलोला ७० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ५ ग्रॅम. त्यानं लघवी आणि त्वचा लाल होते. ते पाहून घाबरू नका.

घरी सोडताना मूल ठणठणीत दिसत असलं तरी पुढचे सहा आठवडे त्याच्याकडे लक्ष ठेवा. काही जणांत काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं, अभ्यासात अचानक मागे पडणं अशी लक्षणं उशिरा येतात. शाळेत शिक्षकांना याची कल्पना द्या आणि पुन्हा तपासणीची तारीख घेऊनच निघा.

घरात परत राहायला जाण्याआधी उपकरण दुरुस्त झालं, हे सांगण्यावर सोडू नका. मुलं दुसरीकडे असताना, तंत्रज्ञ समोर उभा असताना, अलार्म आधी मोकळ्या हवेत नेऊन शून्यावर आणा आणि जुनी सर्वोच्च नोंद पुसा. मग दारं-खिडक्या रात्री असतात तशा लावा, ते उपकरण तासभर चालवा आणि सगळ्यांनी जागं राहून पडद्यावर लक्ष ठेवा. आकडा वर सरकायला लागला तर तिथेच उपकरण बंद करून बाहेर या. तासाभरानंतर पडदा आणि सर्वोच्च नोंद दोन्ही शून्य असतील तरच त्या खोलीत पाळणा लावा; ३० च्या खाली शून्यच दाखवणाऱ्या अलार्मच्या शून्यावर मात्र विसंबू नका.